बंदी एकावर, झळ दुसऱ्याला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही कामगारांच्या पगाराविषयी किंवा नव्या कायद्यांविषयी बोलू. तसे विषय आमच्यापाशी पुष्कळ आहेत. परंतु गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या डोक्यात घर करून बसला आहे, आणि तो एका मुलीने घातलेला आहे. तिचे वडील आमच्या संघटनेचे जुने सभासद. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात मिस्तरी आहेत. मुलगी कॉलेजात असताना छात्रसेनेत गेली, तिथे पहिल्यांदा तिच्या हाती रायफल आली, नेम चांगला निघाला आणि पुढे ती पुण्यास राहून पॉइंट टू-टू रायफलीच्या स्पर्धा खेळू लागली. २०२२ नंतरच्या एका उन्हाळ्यात ती घरी आलेली असताना आम्ही सहज विचारले, "काय बाई, सराव कसा चाललाय?" ती म्हणाली, "सराव कसला आप्पा! काडतुसंच मिळत नाहीत. ज्या लॉटवर माझी रायफल बसवली होती तो संपला, आणि दुसरा आलाच नाही. म्हणतात, तिकडे युद्ध आहे, निर्बंध आहेत. पण निर्बंध रशियावर ना? मग थांबलं माझं का?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते आम्हांलाच पटले नाही. आमचे शाळेतले शिक्षण लवकर सुटले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. म्हणून सवयीप्रमाणे आम्ही वाचायला बसलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

आरंभीच एक शंका दूर करतो. नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ, त्याची चिंता कामगार चळवळीतल्या माणसाने कशाला करावी, असे कोणी म्हणेल. एके काळी ते खरे होते. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना निघाली, लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर तिचे संस्थापक. तेव्हा रायफल ही राजेरजवाड्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या घरची वस्तू होती. आज तसे राहिलेले नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे जागतिक विजेती झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा आणि मध्य रेल्वेतला तिकीट तपासनीस स्वप्नील कुसळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवले. त्याच्या वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ज्या खेळासाठी बाप कर्ज काढतो तो खेळ आता आपल्या वस्तीत आला आहे, हे उघड आहे.

आता हे काडतूस म्हणजे काय, ते पाहू. पॉइंट टू-टूचे काडतूस करंगळीच्या पेराएवढे. पितळेची नळी, तिच्या बुडाच्या कडेत पेटणारे मिश्रण, वर चिमटीत मावेल इतकी दारू आणि तोंडाशी सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. एका फेरीत ६० गोळ्या. प्रत्येक गोळी मागच्या गोळीसारखीच गेली पाहिजे. दारू कणभर कमी पडली, शिसे किंचित वाकडे बसले, की गोळी बटणाबाहेर.

यातली खरी गोष्ट आम्हांला त्या मुलीने सांगितली. एकाच कारखान्याची, एकाच नावाची दोन पेट्यांतली काडतुसे एका रायफलीत सारखी चालतीलच असे नाही. दारूची नवी घाण झाली, शिशाची नवी तार आली, की चाल बदलते. म्हणून नेमबाज निरनिराळ्या लॉटची काडतुसे आपल्या रायफलीत झाडून पाहतो, जो लॉट तिला मानवतो तो निवडतो आणि पुरवठा करता येईल तितका त्यातच घेऊन ठेवतो. मिस्तरी मंडळींना हे सांगायला नको. एका टेपच्या पट्टीने घेतलेले माप दुसऱ्या पट्टीने पुरे करू नये, हे त्यांना पाठच असते. तात्पर्य, गहू मिळाला नाही तर ज्वारी खावी तसे इथे चालत नाही. पुरवठा महिनाभर खुंटला तरी केवळ महिनाभराचा सराव बुडत नाही, जुळवलेला सगळा मेळ मोडतो.

ही उत्तम प्रतीची काडतुसे करणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडातली एली ही १८२८ पासूनची कंपनी, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, आणि लापुआ हे फिनलंडमधले नाव. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बाहेरून आणणे हे कोणाही व्यापाऱ्याचे काम नाही. संघटनेमार्फत किंवा नामवंत नेमबाज म्हणून मान्यता मिळालेल्यांनाच ती वाट मोकळी आहे. २०२० साली नेमबाजांनी वर्षाकाठी किती काडतुसे घ्यावीत याची मर्यादा सरकारने वाढवली, हे चांगले झाले. पण परवान्यावर आकडा वाढला म्हणून पेटीत काडतूस येत नाही. पाट अरुंद असला म्हणजे वरच्या अंगाला पाणी थोडे कमी झाले तरी शेवटच्या वावरात कोरडे पडते. आमची मुलगी त्या शेवटच्या वावरात उभी होती.

मग निर्बंधांचा यात हात कोणता? निर्बंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदराच्या दारात उभा असलेला शिपाई येतो. प्रत्यक्षात माल अडतो तो त्याच्या फार आधी. बँक पैसे पाठवायला कचरते, विमा कंपनी विमा नाकारते, जहाजवाला माल चढवत नाही. खानदेशाला हे ठाऊक असायला हवे. रावेर-सावद्याकडची केळी इराणपर्यंत जातात. केळ्यांवर अमेरिकेने बंदी घातलेली नव्हती. पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ च्या मे महिन्यात भारताने इराणचे तेल घेणे थांबवले, आणि तेलाच्या रुपयांतून इराण ज्या खात्यावरून आपल्या मालाचे पैसे चुकते करीत असे ते खाते आटू लागले. बासमती व चहा पाठवणाऱ्यांची पैशांसाठी ओढाताण झाली. बंदी तेलावर, खोळंबा तांदळाचा. काडतुसाची गोष्ट तर याहून नाजूक. तो स्फोटक माल. त्याला निघणाऱ्या देशाचा परवाना लागतो, पोचणाऱ्या देशाचा लागतो, वाटेतल्या देशाची संमती लागते, आणि तो कोण वापरणार याचे प्रमाणपत्र लागते. जग शांत असते तेव्हा हे कागद टेबलावरून टेबलावर सरकतात. जग बिथरले की प्रत्येक टेबलावर ते थांबतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली आणि युरोप-अमेरिकेने रशियावर निर्बंधांची रांग लावली. त्याआधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, विषप्रयोगाच्या एका प्रकरणावरून अमेरिकेने रशियन बंदुका व काडतुसे आणण्याचे नवे परवाने बंद केल्याचे जाहीर केले होते. स्वस्त रशियन काडतुसांवर सराव करणारा अमेरिकेतला सामान्य हौशी नेमबाज दुसऱ्या मालाकडे वळला, आणि त्या मालावरची गर्दी वाढली. पाठोपाठ युद्धाची मागणी आली. लढाईची तोफ आणि खेळाची रायफल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण पितळ, शिसे आणि दारू दोघांच्याही मुळाशी आहेत. लापुआ ज्या नाम्मो समूहात आहे तो लष्करी दारूगोळ्याचाही मोठा कारखानदार आहे. तेव्हा त्या मुलीचे काडतूस नुसत्या निर्बंधाने अडले असे आम्ही म्हणणार नाही. निर्बंध, युद्धाची ओढ आणि महागलेली वाहतूक, या तिन्हींनी मिळून ते अडवले.

यात एक गंमत आहे, आणि ती आपल्या वावरातली आहे. बिनधुराची दारू होते ती नायट्रोसेल्युलोजपासून, आणि नायट्रोसेल्युलोज होते ते मुख्यतः कापसापासून. कपाशी जिनिंगमध्ये गेल्यावर रुई निघते आणि सरकी उरते. त्या सरकीला जी आखूड लव चिकटलेली असते तिला व्यापारात लिंटर म्हणतात. तीच या दारूचा कच्चा माल. युद्ध सुरू झाल्यावर युरोपातल्या कारखानदारांना कळून चुकले की, या लवेसाठी आपण चीनवर फार विसंबून आहोत, आणि त्यांची धावपळ झाली. आणि आपल्या देशात? पुष्कळ ठिकाणी सरकी लवेसकट पेलली जाते आणि लव पेंडीतून म्हशीच्या पोटात जाते! खानदेशचा शेतकरी भावासाठी रडतो आणि त्याच्या सरकीवरच्या ज्या केसासाठी युरोप हातघाईवर येतो तो केस गव्हाणीत पडतो. याचा विचार जिनिंग-प्रेसिंगवाल्यांनी करावा.

असाच दुसरा प्रश्न तिच्या वडिलांनी केला. "आप्पा, घरापासून चाळीस किलोमीटरवर वरणगाव आहे. तिथे काडतुसांचा एवढा मोठा कारखाना. मग पोरीला जर्मनीचं तोंड का पाहावं लागतं?" प्रश्न रास्त आहे. १९६२ च्या चीनच्या युद्धाने देशाला आपली तोकडी बाजू दाखवली आणि १९६४ साली वरणगावची आयुधनिर्माणी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात, अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. अमेरिकी शस्त्रांवर विसंबलेल्या पाकिस्तानला त्याची झळ अधिक लागली. आपले घरचे कारखाने किती मोलाचे, ते तेव्हा कळले. वरणगावात काडतुसे होतात, भुसावळच्या निर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या होतात, आणि या दोन गावांतली हजारो घरे त्यांवर उभी राहिली.

परंतु सैनिकाचे काडतूस आणि खेळाडूचे काडतूस यांची जात निराळी. वरणगावची ५.५६ मिलिमीटरची गोळी आणि त्या मुलीची ५.६ मिलिमीटरची गोळी यांची रुंदी जवळजवळ सारखी, काम वेगळे. सैनिकाचे काडतूस चिखलात, बर्फात, धुळीत उडालेच पाहिजे, आणि लाखोंनी झाले पाहिजे. खेळाडूचे काडतूस शेजारच्या काडतुसाचे जुळे भावंड असले पाहिजे. आपल्या निर्माणींतून पॉइंट टू-टूची काडतुसेही निघत आली. छात्रसेनेची मुले त्यांवरच हात बसवतात. त्यापुढची पायरी मात्र आपण चढलो नाही. आमच्या मते यात कामगाराच्या हाताचा दोष नाही. जिथे उत्पादन केवळ नगांवर मोजतात तिथे सारखेपणाची कदर होत नाही. मागणी थोडी, तपासणी फार आणि नफा उशिरा, असले काम कोणी अंगावर घेत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुधनिर्माणींच्या सात कंपन्या करण्यात आल्या; वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेली, भुसावळ यंत्र इंडियाकडे. कामगार संघटनांचा त्याला विरोध होता, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपाला बंदी करणारा कायदा आला. तो वाद आज इथे उकरत नाही. कंपनी केली ती चपळाईसाठी, असे सांगितले गेले. तर मग हे लहान, नाजूक, नावलौकिकाचे काम करून त्या चपळाईचा पुरावा द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बहिष्कार हा शब्द आम्हां चळवळीतल्या माणसांना परका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. परदेशी कापड टाकून खादी ल्यालेली माणसे तिथे जमली होती. १९४६ साली भारताने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, जगात सर्वांआधी. हे आम्हांला अभिमानाचे वाटते. मग आज निर्बंधांच्या नावाने आम्ही नाक का मुरडतो? आम्ही यावर पुष्कळ विचार केला, आणि आम्हांला एक कसोटी सापडली. ती संपाची कसोटी आहे.

संप करणारा कामगार मालकाचे नुकसान करतो, पण पहिली चूल विझते ती त्याची स्वतःची. म्हणून तो संप दहा वेळा विचार करून पुकारतो, आणि म्हणूनच लोक त्याला मान देतात. १९८४ साली डब्लिनमध्ये मेरी मॅनिंग नावाच्या एका तरुण विक्रेतीने दक्षिण आफ्रिकेची फळे गल्ल्यावर घेण्यास नकार दिला. तिला घरी बसवले, तिच्या सोबतिणी बाहेर पडल्या, आणि तो संप १९८७ पर्यंत चालला. शेवटी आयर्लंडच्या सरकारने तो माल आणणेच बंद केले. त्या मुलींनी बंदी घातली ती आपल्या पगारावर पाणी सोडून. पण बलाढ्य सरकारे निर्बंध घालतात तेव्हा ज्याने सही केली त्याच्या घरी काय कमी पडते? सही एकाची, नाव दुसऱ्याचे आणि उपास तिसऱ्याचा. आम्ही म्हणतो, निर्बंध घालावे की नाही हे ठरवताना हे तीन वेगवेगळे विचारावे: ठरवले कोणी, ते आहे कोणासाठी, आणि भरणार कोण? जिथे ठरवणारा स्वतःही भरतो, तिथे त्याला नैतिक बळ असते.

या कसोटीवर काही उदाहरणे घासून पाहा. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले. खेळसुद्धा त्यातून सुटले नाहीत. बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या खेळाडूंना देशाच्या नावाने उतरता आले नाही. ऑलिंपिकच्या झेंड्याखाली, स्वतंत्र खेळाडू म्हणून एकेकट्याने खेळायची परवानगी मिळाली. त्यांनी तीन पदके जिंकली, आणि तिन्ही नेमबाजीत! यास्ना शेकारिचला रौप्य, अरांका बिंदर आणि स्तेव्हान प्लेतिकोसिच यांना ब्राँझ. बोस्नियातल्या अत्याचारांचा हिशेब मागायलाच हवा होता. पण तो या तिघांनी द्यायचा होता का? दुसरे उदाहरण आपले. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणला चाचण्या झाल्या आणि अमेरिकेने आपल्यावर निर्बंध घातले. शस्त्रसामग्रीचे परवाने थांबले. सप्टेंबर २००१ मध्ये ते उठले, ते न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर, अमेरिकेला आपली गरज लागली तेव्हा. ज्या तत्त्वासाठी ते घातले होते त्या तत्त्वाचे मधल्या काळात काय झाले, हे कोणी सांगितले नाही.

इथे कोणी आम्हांला अडवील आणि म्हणेल, "अहो, ज्याच्या घरावर बाँब पडतात त्याच्यापुढे तुमच्या काडतुसांचे रडगाणे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप आम्ही मस्तकी धरतो. एका मुलीची एक स्पर्धा हुकणे आणि एका शहराची राख होणे यांची तुलना होत नाही. आक्रमकाला अडवू नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, मोठ्या दुःखाचे नाव घेऊन लहान माणसाला विसरण्याची सवय वाईट. जो हिशेबात धरला जात नाही, त्याच्याच खिशातून मग हळूहळू सगळा खर्च काढला जातो.

आणि या हिशेबात आणखी एक माणूस कोणी धरत नाही. मागणी वाढली की जो यंत्रावर उभा असतो, तो. १३ एप्रिल १९७६ रोजी फिनलंडमधल्या लापुआ गावी काडतुसांच्या कारखान्यात स्फोट होऊन ४० माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जगातले नेमबाज ज्या नावाची पेटी हौसेने उघडतात त्या नावामागे ही चाळीस नावे आहेत. आपल्याकडे २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. तेव्हा परदेशी माल अडला म्हणून इथे घाईने उत्पादन वाढवा, असे कोणी म्हणू लागला तर आम्ही आधी विचारू: पाळीत माणसे किती, त्यांना शिकवले किती, आणि दारूच्या खोलीत भिंत किती जाड? स्वदेशी मालाची किंमत कामगाराच्या जिवाने चुकवायची नाही.

मग करायचे काय? धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी आपल्या पूर्वजांनी फडपद्धत चालवली. बंधाऱ्याचे पाणी फडाफडांतून फिरते, आणि शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन सहसा निरनिराळ्या फडांत असते. पाणी कमी पडले की एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. त्यामुळे टंचाई एकाच्या वावरात साचत नाही, सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी येते. काडतुसांचे असेच व्हावे. टंचाईत आलेला साठा आधी नामवंतांच्या कपाटात आणि उरला तर नवशिक्यांना, असे होऊ नये. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या उगवत्या मुलांचा वाटा आधीच बाजूला काढावा. एक-दोन वर्षांचा राखीव साठा शांततेच्या काळात करावा. वरणगावसारख्या निर्माणीत एक लहान विभाग केवळ स्पर्धेच्या काडतुसांसाठी घालावा, आणि तिथे निवडक कारागीर, पुरेसा वेळ व पूर्ण सुरक्षितता द्यावी. शाळांतून छर्ऱ्याच्या एअर रायफलीवर मुले तयार करावीत. ठरावीक ताकदीच्या आतल्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. मात्र स्पर्धेचे चांगले छर्रेही जर्मनीतूनच येतात, हे विसरू नये. शिशाचा एवढासा छर्रा सुबक करणे या जिल्ह्यातल्या लघुउद्योजकांना अशक्य आहे, असे आम्हांला वाटत नाही.

ती मुलगी परवा भेटली. तिला अखेर दुसऱ्या लॉटची काडतुसे मिळाली. रायफलीला ती तितकीशी मानवली नाहीत, पण तिने त्यांवरच सराव धरला आहे. आम्ही तिला आमचे हे सगळे उत्तर ऐकवले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आप्पा, म्हणजे माझं थांबलं, कारण मी कोणाच्या यादीतच नव्हते." दोन तासांचे आमचे बोलणे तिने एका वाक्यात आणले. तिचे नाव यादीत घालण्याचे काम वॉशिंग्टन किंवा मॉस्को करणार नाही. ते आपल्याच खेळसंघटनांनी, कारखान्यांनी आणि तुम्हां-आम्हां गावकऱ्यांनी करायचे आहे.